अमळनेर आणि बोरीकाठचं शिवार: जुन्या टोपोशीट मिळवायच्या कशा, वाचायच्या कशा

गिरणीच्या गावाचा इतिहास शोधायला निघालेला माणूस बहुधा गिरणीपासून सुरुवात करतो. भोंगा, चाळी, मालक, संप हे सगळं आठवणींत आणि कागदपत्रांत सापडतं. पण गिरणी तिथेच का आली, तिला कापूस कुठून आला, मजूर कोणत्या वाटेने आले, नदीचं पात्र तेव्हा कुठे होतं, याची उत्तरं जुन्या स्थलदर्शक नकाशांत, म्हणजे टोपोशीटमध्ये, जितकी नीट मिळतात तितकी दुसरीकडे मिळत नाहीत. हे नकाशे हाताळायचे कसे, ते इथे एकच गाव घेऊन सांगतो: जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर. बोरी नदी, प्रताप मिल, ताप्ती खोऱ्याची रेल्वे आणि भोवती खानदेशातली कपाशीची काळी जमीन. हिंगणघाट, धुळे, मालेगाव, इचलकरंजी यांपैकी तुमचं गाव कोणतंही असो, रीत हीच.

आधी शीटचा नंबर काढा

'अमळनेरचा जुना नकाशा' असं शोधून फारसं काही हाती लागत नाही, कारण टोपोशीट गावाच्या नावाने नाही, नंबराने ओळखली जाते. सर्व्हे ऑफ इंडियाने १९०५ नंतर देशभर लावलेली ही नंबरांची पद्धत एकदा समजली की कोणत्याही गावाची शीट घरबसल्या काढता येते.

४ अंश लांब आणि ४ अंश रुंद अशा मोठ्या चौकटीला एक आकडा असतो. ७२ ते ७६ पूर्व रेखांश आणि २० ते २४ उत्तर अक्षांश ही चौकट म्हणजे ४६. तिचे १ अंशाचे १६ भाग, त्यांना ए ते पी अक्षरं. प्रत्येक भागाचे १५ मिनिटांचे १६ तुकडे, त्यांना १ ते १६ आकडे. अक्षरं आणि आकडे दोन्ही वरून खाली उतरतात: डावा उभा रकाना संपला की पुढच्या रकान्याच्या माथ्यावर जायचं. अनेक जण ते सवयीने डावीकडून उजवीकडे मोजतात आणि भलत्याच तालुक्यात पोहोचतात. पडताळा म्हणून पुणे करून बघा: १८.५२ उत्तर, ७३.८५ पूर्व. उत्तर ४७ एफ/१४ आलं तर पद्धत बरोबर समजली.

आता अमळनेर. ढोबळमानाने २१.०४ उत्तर, ७५.०६ पूर्व. म्हणजे ४६ ओ/४. इथे एक अडचण आहे, ती आधीच कळलेली बरी. गाव २१ अंशाच्या रेषेच्या थोडंसंच वर आणि ७५ अंशाच्या रेषेच्या थोडंसंच पूर्वेला आहे, म्हणजे चार शीट जिथे मिळतात त्या कोपऱ्यालगत. गावापासून पाचेक किलोमीटर दक्षिणेला गेलात की ४६ पी/१ सुरू होते, तितकंच पश्चिमेला गेलात की ४६ के/१६, आणि नैर्ऋत्येला ४६ एल/१३, जिच्यात धुळे येतं. एक शीट उत्तर-दक्षिण सुमारे २८ आणि पूर्व-पश्चिम सुमारे २६ किलोमीटर. नुसती ओ/४ घेतली तर गाव आणि तापीपर्यंतची बोरी मिळेल, पण पारोळ्याकडचा, नदी जिकडून येते तो भाग हातातून सुटेल. चारही शीट मिळवा. गाव समजून घ्यायचं तर त्याचं शिवार हवं, आणि शिवार शीटच्या कडेपाशी थांबत नाही.

मिळवायच्या कुठून

सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे आजचा नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर १:५०,००० प्रमाणाचे खुल्या मालिकेचे नकाशे पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात. या मालिकेचे नंबर वेगळे आहेत, आणि त्यांची अक्षरं मात्र डावीकडून उजवीकडे जातात. जुनी ४६ ओ/४ इथे एफ४३पी४ होते, ४६ पी/१ होते एफ४३व्ही१, ४६ के/१६ होते एफ४३ओ१६ आणि ४६ एल/१३ होते एफ४३यू१३. ओ आणि पी ही अक्षरं दोन्ही पद्धतींत आहेत पण वेगवेगळ्या जागी, त्यामुळे फाइलला नाव देताना जुना आणि नवा असे दोन्ही नंबर लिहून ठेवा.

मधल्या काळासाठी अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाची यू५०२ मालिका उपयोगी पडते. १:२,५०,००० प्रमाण, १९५० च्या दशकातली छपाई, आणि आधार मुख्यतः सर्व्हे ऑफ इंडियाचाच. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती मोफत ठेवली आहे. अमळनेर एनएफ ४३-११ मध्ये पडतं. या मालिकेतही ७५ आणि २१ अंशाच्या रेषा शीटच्या कडाच आहेत, म्हणून सोबत ४३-१०, ४३-१४ आणि ४३-१५ घ्या. या प्रमाणावर गिरणीची इमारत दिसणार नाही. रस्ते, रेल्वे, नद्या आणि गावांची मांडणी दिसेल.

खरी मजा मैलाला एक इंचाच्या, म्हणजे १:६३,३६० च्या जुन्या शीटमध्ये आहे. या कागदावर असतात आणि शोधाव्या लागतात. भूगोल विभाग असलेल्या जुन्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांसाठी टोपोशीट जपलेल्या असतात, आणि माझ्या मते पहिली चौकशी तिथेच करावी. प्राध्यापकांना नंबर सांगितला की कपाट लवकर उघडतं. पाटबंधारे आणि बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या अभियंत्यांच्या घरीही कापडावर चिकटवलेल्या शीट निघतात. त्याहून मागे जायचं तर दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनची ब्रिटिश लायब्ररी.

आणखी दोन साधनं टोपोशीटच्या जोडीला घ्यावीत. एक, भूमी अभिलेख खात्याचा गावनकाशा. टोपोशीटवर शेताचे बांध नसतात, गावनकाशावर असतात. जुन्या गावनकाशावर प्रमाण साखळीत दिलेलं दिसेल. मुंबई इलाख्याच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. इंचाला २० साखळी लिहिलं असेल तर ६६० फूट, म्हणजे १:७,९२०. टोपोशीटपेक्षा आठपट मोठं. दोन, अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रं. ती १९६० ते १९७२ मधली आहेत, १९९५ मध्ये खुली झाली, आणि शेवटच्या कॅमेऱ्यांत सुमारे दोन मीटरपर्यंतचा तपशील आहे. यूएसजीएस या अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर स्कॅन झालेली चित्रं फुकट मिळतात. मार्च ते मेमधलं चित्र निवडा. पिकं निघालेली असतात, पात्र कोरडं असतं, आणि जमिनीची ठेवण उघडी पडते.

कडेचा मजकूर वाचल्याशिवाय आत जाऊ नका

नकाशा हातात आला की नजर लगेच आपल्या गावाकडे जाते. तिला आवरा आणि अर्धा तास कडेवर घालवा. छपाईचं वर्ष मोठ्या अक्षरात असेल, पण तुम्हाला हवं आहे ते मोजणीचं वर्ष. ते वेगळं लिहिलेलं असतं, आणि दोहोंत दहा-वीस वर्षांचं अंतर असणं नवलाचं नाही. त्यात भर म्हणजे काही वेळा मोजणी जुनी, रस्ते-रेल्वे मागाहून सुधारलेले, आणि जिल्ह्याच्या सीमा त्याहून नव्या. एका शीटवर तीन वेगवेगळे काळ एकत्र नांदत असतात. 'या नकाशात गिरणी नाही, म्हणजे तेव्हा गिरणी नव्हती' असं विधान करण्याआधी, तो कोपरा कोणत्या मोसमात मोजला गेला हे पाहा. शेजारच्या दोन शीटची मोजणी एकाच वर्षाची असेल असंही धरून चालू नका.

कडेचा कागद फाटलेला असेल तरी काळ ठरवायच्या खुणा आत असतात. जिल्ह्याचं नाव नुसतं खानदेश असेल तर माहिती १९०६ पूर्वीची, कारण त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेश लिहिलं असेल तर १९०६ नंतरची, आणि जळगाव लिहिलं असेल तर महाराष्ट्र राज्याच्या काळातली. रेल्वेमार्गावर बी.बी. अँड सी.आय. हे नाव असेल तर १९५१ पूर्वीची, कारण त्या वर्षी ती कंपनी पश्चिम रेल्वेत विलीन झाली. सुरत-जळगाव मार्गच नसेल तर नकाशा एकोणिसाव्या शतकातला. हा मार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, फुटांत असतील तर शीट मेट्रिक होण्याआधीची. हा बदल १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून होत गेला.

१९०५ पूर्वीच्या नकाशांबाबत एक मोठी गोम आहे. त्यांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मोजमापावर बसवलेले होते, आणि ते सुमारे अडीच मिनिटांनी चुकलेलं होतं. खानदेशच्या अक्षांशावर ही चूक चार किलोमीटरहून अधिक भरते. किती वजा करायचं ते बहुतेक वेळा कडेच्या टिपेतच दिलेलं असतं.

नदी वाचायला शिका

आता आत या, आणि पहिली नजर बोरीवर टाका. बोरी दक्षिणेकडून, डोंगराच्या बाजूने येते, पारोळा तालुक्यातून अमळनेरला आणि पुढे उत्तरेला तापीत. बारमाही नदी नव्हे ही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या रंगांत याला अर्थ आहे: मोजणीच्या मोसमात जिथे पाणी होतं तेवढंच निळं, कोरडं पात्र काळ्या काठांचं आणि ठिपक्यांच्या वाळूचं. मोजणी सहसा पावसाळा संपल्यावर होत असे. त्यामुळे कोरड्या पात्रात मध्येच निळा तुकडा दिसला तर तो उन्हाळ्याकडे टिकणारा डोह असण्याची शक्यता मोठी. असे डोह आधी टिपून घ्या. गुरं, धुणं, पिण्याचं पाणी, सगळं त्यांच्याभोवती फिरत होतं.

काठावर काळ्या बारीक रेघांचे दाते दिसतील. ती उभी दरड. शेजारी आकडा आणि त्यापुढे इंग्रजी आर हे अक्षर असेल तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नाही, पायथ्यापासून माथ्यापर्यंतची सापेक्ष उंची आहे. तापीच्या दोन्ही अंगांना ओघळींनी फाटलेली जमीन याच खुणांनी भरलेली असते. पूर कुठे शिरू शकत होता आणि वस्ती कोणत्या अंगाला सुरक्षित होती, हे या आकड्यांवरून कळतं.

मग नदी ओलांडायच्या जागा पाहा. पायउतार, फरशी (पात्रातला ठेंगणा बांधीव रस्ता), पूल, रेल्वेचा पूल, आणि तापीवर होडी. प्रत्येक शीटवर या जागा वेगळ्या रंगाने खुणावत जा. पायउताराची जागा फरशी झाली, फरशीचा पूल झाला, तसं गावाचं तोंड फिरतं. बाजारपेठेचा विस्तार कोणत्या दिशेला झाला याचं कारण पुष्कळदा या एका खुणेत असतं.

वरच्या अंगाला तामसवाडीजवळ आज बोरीवर धरण आहे. जुन्या शीटवर तिथे साधं खोरं दिसेल. धरणाआधीची आणि नंतरची शीट शेजारी ठेवल्याशिवाय अमळनेरच्या आजच्या कोरड्या पात्राबद्दल बोलू नये, असं मला मनापासून वाटतं. वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते ती याच पात्रात. त्या वाळवंटाची जुनी रुंदी नकाशावर मोजता येते.

४६ एल/१३ हातात असेलच तर पांझराकडेही वळा. बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखाली नदीला लागून पसरलेलं बागायत, हे फड पद्धतीचं चित्र आहे. बंधाऱ्याची खूण नदीला आडवी, पाट समोच्च रेषेला जवळजवळ समांतर. कोरडवाहू कपाशीचा मुलूख आणि फडाचं बागायत यांतला फरक इतका स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसतो.

गिरणी शोधताना

इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या गिरण्या नदीच्या धारेवर चाक फिरवत, म्हणून तिथल्या नकाशात गिरणी, कालवा आणि धबधबा एकाच ठिकाणी सापडतात. आपल्याकडची कापडगिरणी वाफेवर उभी राहिली. तिला नदी हवी ती बॉयलरला आणि प्रक्रियेला पाणी म्हणून, आणि कोळसा-कापूस आणायला रेल्वे हवी. प्रतापशेठ म्हणजे मोतीलाल माणिकचंद यांची प्रताप मिल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, रेल्वे आल्यावर उभी राहिली, यात हाच क्रम दिसतो. तेव्हा शीटवर स्टेशन आधी शोधा. तिथून फुटणारी साइडिंग म्हणजे मुख्य रुळांतून निघून एखाद्या आवारात संपणारी छोटी रेघ. ती रेघ ज्या आवारात शिरते ते बारकाईने पाहा. मिल, जिनिंग फॅक्टरी, चिमणी हे शब्द इंग्रजीत, अनेकदा आखूड रूपात छापलेले असतात. उंच चिमणी सपाट मुलखात दुरून दिसते, त्यामुळे मोजणीदारांना ती खुणेसाठी सोयीची असे.

जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने गिरणीइतकेच महत्त्वाचे माना. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, तिकडचा कापूस थांबला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कपाशीला परदेशात एकाएकी मोल आलं. सरकी काढून गाठी बांधायचे कारखाने त्या धंद्याबरोबर पसरत गेले. टोपोशीटवर ते रेल्वेच्या कडेने सुटेसुटे दिसतात.

नकाशा कुठे गप्प असतो हेही ओळखा. मजुरांच्या चाळी बहुधा तांबड्या वस्तीच्या ठिपक्यात मिसळून जातात. वेगळ्या वाड्या, मळ्यातल्या झोपड्या, हंगामी पालं तर जवळपास नसतातच. त्यासाठी नगर भूमापनाचे नकाशे, नगरपालिकेची घरपट्टीची जुनी बाडं आणि म्हाताऱ्या माणसांची स्मृती यांकडेच जावं लागतं.

शिवारात फिरा

गावाभोवती दहा-बारा किलोमीटरचं वर्तुळ काढा. अमळगाव, पातोंडा, मारवड, कळमसरे, डांगरी, शिरूड, दहिवद, मंगरूळ अशी तालुक्यातली गावं घेऊन प्रत्येकासाठी वहीत एक पान ठेवा. त्यावर शीटवरचं स्पेलिंग जसंच्या तसं, गावठाणाचा आकार, विहिरी, वाटा आणि देवस्थानं. काही गावांच्या नावाखाली कंसात वाराचं इंग्रजी संक्षेप रूप दिसेल. तो आठवड्याच्या बाजाराचा दिवस. सगळे बाजार वारानुसार रंगवले की व्यापारी आणि बैलगाड्या कोणत्या क्रमाने फिरत असतील याचा अंदाज येतो. माझ्या लेखी टोपोशीटवरची ही सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित खूण आहे.

विहिरींतही फरक केलेला असतो: बांधीव आणि कच्ची, पाण्याची आणि कोरडी. पिवळा रंग लागवडीचा. काही ठिकाणी नाव आहे पण वस्ती ओसाड दाखवली आहे, अशी जागा सापडली तर गावनकाशावर तेच नाव शोधा. महसुली दप्तरात ते बेचिराग, म्हणजे वस्ती नसलेलं, गाव म्हणून अजून जिवंत असू शकतं. गाडीवाटा एकेक करून आजच्या नकाशाशी जुळवा. डांबरी रस्त्याने जोडली न गेलेली वाट आज कुठेतरी पाणंद म्हणून उरलेली असते, आणि अशा वाटांवरून भाऊबंदकीचे वाद चालू असतात. तेव्हा टोपोशीट हा हद्दीचा पुरावा नव्हे, हे कुणी विचारलं तर स्पष्ट सांगा. हद्दीचं काम मोजणी खात्याचं.

संगणकावर जुळवणी

शीट ३०० ते ४०० डीपीआयने, सपाट ठेवून स्कॅन करा. मोबाइलने काढलेला फोटो वाचायला चालतो, मोजायला चालत नाही. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि त्यातला जिओरेफरन्सर, म्हणजे स्कॅन केलेला नकाशा खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवणारा भाग, उघडा. एक इंची शीटवर दर ५ मिनिटांना अक्षांश-रेखांशाच्या खुणा असतात, म्हणजे १५ मिनिटांच्या शीटवर १६ छेदबिंदू. सगळे वापरा. चार कोपऱ्यांवर काम भागवलं तर मधली घडी आणि ताणलेला कागद लपून राहतो.

निर्देशक प्रणाली, म्हणजे अक्षांश-रेखांश कोणत्या आधारावर मोजले ते, निवडताना आजच्या जीपीएसची डब्ल्यूजीएस ८४ घेऊ नका. जुन्या भारतीय शीट एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या मापावर, आहेत, त्यांच्यासाठी कलियानपूर १९७५, कोड ईपीएसजी ४१४६, निवडा. नंतर प्रकल्प डब्ल्यूजीएसमध्ये दाखवला तरी सॉफ्टवेअर रूपांतर करून घेतं. हे केलं नाही तर अमळनेरपाशी साधारण शंभर मीटरचा फरक पडतो, आणि नदीने पात्र बदललं असा खोटा निष्कर्ष निघतो. जुळवणीची रीत निवडताना, कागद धड असेल तर पहिल्या घाताचं पॉलिनॉमिअल पुरतं, घड्या पडलेल्या असतील तर कागद जागोजागी वेगळा ताणणारी थिन प्लेट स्प्लाइन. मात्र स्प्लाइनमध्ये चूक आकड्यांत दिसत नाही, म्हणून आधी पॉलिनॉमिअल चालवून कोणता बिंदू फार हटतो ते पाहून घ्या. या प्रमाणावर कागदावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ३२ मीटर. त्याहून बारीक बदलाबद्दल या शीटवरून काहीही म्हणू नये.

जुळणी तपासायला रेल्वेचा पूल, जुनं देऊळ, रस्ता-रूळ छेदतात ती जागा घ्या. नदीचा काठ कधीही घेऊ नका, कारण तोच तर तुम्हाला मोजायचा आहे. मग जुनी शीट, कोरोनाचं चित्र आणि आजचं उपग्रहचित्र एकावर एक ठेवा आणि पारदर्शकता कमी-जास्त करत पाहा. काठ, रूळ, गावठाणं, विहिरी यांचे वेगवेगळे थर आखा, आणि प्रत्येक रेघेसोबत शीटचा नंबर आणि मोजणीचं वर्ष नोंदवा. ही नोंद नसलेली रेघ पाच वर्षांनी तुमच्याही कामाची राहत नाही. क्यूजीआयएस जड वाटलं तर गुगल अर्थ प्रोमध्ये शीट चित्र म्हणून बसवता येते. पाहायला ते पुरेसं आहे.

शेवटी पायी

शीटच्या चौकोनी तुकड्यांच्या प्रती मोठ्या करून छापा आणि घेऊन निघा. एका फेरीला एकच धागा: कधी फक्त नदी, कधी फक्त एक गाडीवाट. गावात पोहोचल्यावर ज्येष्ठांपुढे कागद उघडताना उत्तर दिशा जमिनीवरच्या उत्तरेकडे फिरवून धरा, म्हणजे बोट आपोआप ओळखीच्या जागेवर जातं. "इथे काय होतं?" असं मोघम विचारू नका. "आबा, या डोहाला काय म्हणायचे?", "ही वाट बाजाराला जायची का?" असं एका खुणेवर बोट ठेवून विचारा. अहिराणीत आलेलं नाव अहिराणीतच लिहा, प्रमाण मराठीत दुरुस्त करू नका. सांगणाऱ्याची परवानगी असेल तर आवाज ध्वनिमुद्रित करा. डोह, टेकाड, शिवेवरचा दगड, बुडालेली वाट यांची नावं छापील शीटवर अगदी मोजकी आहेत, आणि ती जाणणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. म्हणून चारही शीटची जुळवणी पुरी व्हायची वाट पाहू नका. ओ/४ ची एक प्रत हाती आली की या कामाला लागा, आणि नावं भरलेल्या नकाशाची एक प्रत त्या गावच्या शाळेत किंवा वाचनालयात ठेवून या.